मापाबाहेरची ढेप

सावनेरच्या अलीकडे, नागपूर रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात मनकर्णाबाई गजभियेंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कारण सोपं आहे. पंचविशीच्या आतल्या निम्म्या गावानं त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली आहे. गावच्या शाळेत वीस वर्षं त्यांनी दुपारचं जेवण शिजवलं आणि या वीस वर्षांत एकाही पोराचं पोट दुखलं नाही. ही गोष्ट त्या स्वतःच सांगतात, दर दोन दिवसांनी सांगतात, आणि कोणी ऐकलेली असली तरी पुन्हा सांगतात.

शाळेत डाळ मापानं मिळायची. मनकर्णाबाईंना ते माप म्हणजे आपला अपमान वाटे. "एवढ्याशा डाळीनं पोट्टे कसे वाढतीन?" असं म्हणून त्या घरून ओच्यातून ओंजळभर तुरीची डाळ न्यायच्या आणि कोणी बघत नाही असं पाहून पातेल्यात सोडायच्या. त्यांचे यजमान दादाजी तेव्हा होते. खाणीतून काळे होऊन घरी यायचे आणि डाळीचा डबा रिकामा बघून फक्त हसायचे. म्हणायचे, "तुया हात सढळ हाये, तो कापता थोडीच येते."

दादाजी गेले, पुढे शाळेतलं कामही सुटलं, आणि मनकर्णाबाईंच्या सढळ हातापुढे वाढायला कोणी उरलं नाही. मुलगा प्रशिक घरामागच्या जागेत डुकरांचं शेड घालून बसला होता. पांढऱ्या, गुलाबी कानांच्या तीन डुकरिणी. त्यासाठी त्यानं रीतसर प्रशिक्षण घेतलं, टिनं टाकली, सिमेंटचा ओटा केला, आणि वर्षभरात बुटीबोरीला नोकरी लागताच आईला म्हणाला, "विकून टाकू." आई म्हणाली, "विकतं काहून? खाणारी तोंडं हायेत न ते." झालं. शाळा सुटलेल्या बाईला नवी शाळा मिळाली. फरक एवढाच की ही पोरं ताट धुवायची नाहीत आणि खिचडीत मीठ कमी आहे अशी तक्रारही करायची नाहीत.

चार वर्षं सगळं छान चाललं. यंदा मात्र घोडं अडलं. तिन्ही डुकरिणींची मिळून एकोणीस पिल्लं दूध तोडून वेगळी केली आणि आठवड्याच्या आत सगळ्यांना हगवण लागली. पातळ, पिवळी, आणि वास असा की विचारू नका. डुकराच्या शेडला अत्तराचा वास येत नाही हे गाव समजून होतं. पण हा वास वेगळाच होता. सडक्या अंड्यांसारखा, नाकातून डोक्यात चढणारा. सकाळी अंगण झाडायला उठलेली बाई झाडू टाकून घरात पळायची.

सगळ्यात वाईट हाल झाले ते गल्लीपलीकडच्या महादेवरावांच्या घरी. महादेवराव कापूसवाले शेतकरी, सरळ माणूस, वीस वर्षांचा शेजार. त्यांची सून दिपाली तिसऱ्या महिन्यात होती आणि तिला आधीच पाणी पचत नव्हतं. त्यात हा वास. घास तोंडाशी नेला की उलटी. चार दिवस पोरगी नुसत्या लिंबाच्या फोडीवर राहिली आणि पाचव्या दिवशी तिचा नवरा अंकित तिला नागपुरात मनीषनगरला तिच्या माहेरी सोडून आला. महादेवरावांनी त्यानंतर ग्रामपंचायतीत अर्ज दिला. देण्याआधी मनकर्णाबाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी अर्ज देऊन राहिलो, बाई. तुमच्या पाठीमागं नाही देत. सांगून देतो."

वास मनकर्णाबाईंनाही येत होताच. "द्या, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत येऊन चुलीजवळ बसल्या. त्यांना अर्जाचं फारसं वाटलं नाही. पोटुशी बाई आपल्या घरच्या वासानं उपाशी राहिली, ही गोष्ट मात्र काळजात काट्यासारखी रुतली. ज्या बाईनं वीस वर्षं गावाची पोटं भरली तिच्याच अंगणामुळे एका गर्भारशीच्या तोंडचा घास पडावा!

सरपंच सिंधूताईंनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि महिन्याची मुदत दिली. "महिन्यानं आम्ही येतो. शेडपाशी उभे राहतो. असाच वास असला तं शेड बंद कराव लागन, मनकर्णाबाई. मी काही करू शकणार नाही." प्रशिकचा फोन आला तर तोही हेच म्हणाला, की आई, आता बंदच कर, काहून जीव जाळून राहिली.

पण मनकर्णाबाई अशा सहजासहजी चूल विझवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डॉक्टर कामिनीला बोलावलं.

कामिनी ही जनावरांची डॉक्टर. वय सत्तावीस, स्कूटीवर औषधांची पेटी बांधून गावोगाव फिरायची. बोलायला फटकळ, पण जनावराच्या अंगाला हात लावताना एकदम मऊ. तिनं पिल्लांची पोटं चाचपली, काडीनं हगवण उलटीपालटी करून बघितली आणि एक कागद लिहून दिला. कागदावर पिल्लांच्या खाण्याचं माप होतं. मक्याचा भरडा इतका, धानाचा कोंडा इतका, तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप इतकी, ढाब्यावरून येणारं उरलंसुरलं इतकंच. सोबत एक पांढरट पुडी.

"यात एन्झाइम आहे. आपल्या पोटात अन्न पचवणारे रस असतात ना, तसंच हे. दूध तुटलेल्या पिल्लाच्या पोटात हे रस अजून कमी बनतात. कोंड्यातलं, भरड्यातलं सत्त्व टरफलात अडकून राहतं. ही पूड ते मोकळं करून देते. म्हणजे भारी खाणं न देता साध्या खाण्यातच भागतं. दहा किलोला एक चमचा. समजलं?"

"समजलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. खरं तर त्यांना एकच गोष्ट समजली होती. त्या कागदावर ढेपेचं माप फार कमी होतं.

कामिनीची स्कूटी वळणाआड गेली. मनकर्णाबाईंनी कागद पुन्हा वाचला आणि त्यांना राग आला. आजारी लेकरं, हगून हगून पोटं खपाटीला गेलेली, आणि ही बाई त्यांना कोंडा खाऊ घालायला सांगते! आपल्या घरात कोणी आजारातून उठलं तर आपण त्याला तूप-भात देतो की भुसा? माणसाला एक न्याय आणि मुक्या जनावराला एक? कागद त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला. माप घेतलं, कागदाबरहुकूम सगळं मोजलं, आणि मग इकडेतिकडे बघून सोयाबीनच्या ढेपेच्या दोन ओंजळी वरून टाकल्या. शेडजवळ बघायला कोणी नव्हतं, पण सवय ती सवय.

दहा दिवस गेले. हगवण थांबली नाही आणि वासाला तर जास्तच जोर चढला. अकराव्या दिवशी कामिनी आली, तिनं शेडच्या दारातच ओढणी नाकाला लावली.

"हे कसं शक्य आहे? पूड घालताय ना?"

"रोज घालतो, बाई. एक दिवस चुकला असन तं जीभ झडो."

"कशी घालता, दाखवा बरं."

मनकर्णाबाईंना हेच हवं होतं. आपलं काम कोणीतरी बघावं अशी त्यांची इच्छा पुरी झाली. तीन दगडांवर अर्धा कापलेला लोखंडी ड्रम होता. त्यात ढाब्यावरच्या उरलेल्या पोळ्या, भात, भरडा, कोंडा असं सगळं रटरटत होतं. ढाब्याचं उष्टं उकळल्याशिवाय डुकराला द्यायचं नाही, हा नियम कामिनीनंच दोन वर्षांपूर्वी घालून दिला होता आणि मनकर्णाबाईंनी तो बुद्धवंदनेइतक्या निष्ठेनं पाळला होता. त्यांनी पूड चमच्यात घेतली, हळद-तिखट सोडावं तशी गोल फिरवून उकळीवर भुरभुरली, लाकडी पळीनं ढवळलं, वर झाकण घातलं आणि अभिमानानं कामिनीकडे पाहिलं.

"पंधरा मिन्टं चांगली वाफ देतो. कच्चं काही राहू देत नाही."

कामिनी मटकन खाली बसली. "अहो मनकर्णाबाई! तुम्ही औषध शिजवलं!"

"मंग? कच्चं देऊ?"

"कच्चंच द्यायचं. गार झाल्यावर, वरून. उकळलं की मरतं ते. दहा दिवस तुम्ही त्यांना मेलेली पूड घातली." आणि मग तिनं स्वतःच कपाळावर हात मारला. "पण तुमची काय चूक? सगळं उकळा म्हणून मीच सांगितलं होतं. हे वगळून, असं सांगायला पाहिजे होतं मी."

मनकर्णाबाई ड्रमकडे बघत राहिल्या. शिजवणं चुकू शकतं हे वाक्य त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण बाई डोक्यानं तल्लख. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं म्हणा न. उकळत्या दुधात कोणी विरजण लावते का? बोट घालून बघाव लागते."

"अगदी तसंच," कामिनी म्हणाली, आणि दोघीही हसल्या. त्या दिवसापासून मनकर्णाबाई ड्रम उतरवून परातींमध्ये खाणं पसरत, करंगळी बुडवून बघत आणि मगच पूड घालत. आणि त्यानंतर ढेपेच्या दोन ओंजळी. त्या काही थांबल्या नव्हत्या. आता तर पूड जिवंत आहे, पचवेल सगळं, असा त्यांचा हिशोब. पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं, हे त्यांना दुसऱ्यांच्या बाबतीत चांगलं कळतं.

आठ दिवसांनी हगवण थोडी आवळली. दोन-चार पिल्लं शेपट्या हलवायला लागली. पण वास? वास जागचा हलला नाही. मुदतीचे दिवस उरले अकरा.

कामिनी पुन्हा आली. या वेळी तिचा चेहरा उतरलेला होता. ती पालथ्या बादलीवर बसली, वही काढली आणि कागदावरचं माप पुन्हा पुन्हा जुळवून बघायला लागली. मनकर्णाबाई दारात उभ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. ही पोरगी मान वर करील आणि विचारील, असं त्यांना वाटत होतं. पण कामिनीनं विचारलंच नाही. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली,

"माझंच कुठंतरी चुकतंय. ढेप मी आणखी कमी धरायला पाहिजे होती का? की पूडच या खाण्याला बरोबर नाही? मला वाटतं, मनकर्णाबाई, तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. मोठ्या डॉक्टरांना. माझ्यामुळे तुमचं शेड बंद नको व्हायला." आणि तिनं वही मिटली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती उगीचच पेटीचं कुलूप चाचपत होती.

आता इथे दुसरी एखादी बाई गप्प बसली असती. मनकर्णाबाईंच्याही मनात ते आलं, नाही असं नाही. बोललो तर पोरीपुढे लाज जाणार, गावात हसं होणार. पण समोरचं लेकरू आपला दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलेलं बघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"तुयं नाही चुकलं, बाई," त्या म्हणाल्या. "मी ढेप वरून टाकतो."

"किती?"

"दोन ओंजळी. एका टायमाले."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

कामिनीनं वही उघडली, काहीतरी आकडे मांडले आणि वही पुन्हा मिटली. मनकर्णाबाईंना वाटलं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काहून केलं असं?" तिनं एवढंच विचारलं. एरवी शुद्ध बोलणारी पोरगी रागात गावच्या बोलीवर आली होती.

"वाळून राहिले होते न ते. मले वाटलं, भारी खाल्लं तं अंगाले लागन."

कामिनीनं मोठा श्वास घेतला आणि त्यांना शेजारी बसवलं. "हे बघा. पिल्लू जेवढं पचवतं तेवढंच त्याचं. उरलेलं पुढे जातं, मोठ्या आतड्यात. तिथं जंतू बसलेले असतात, लाखांनी. त्यात चांगले असतात, ते कोंड्याच्या चोथ्यावर जगतात आणि पोट राखतात. आणि वाईट असतात, त्यांना न पचलेली ढेप म्हणजे मेजवानी. ते वाढतात, सडवतात, आणि तो वास सोडतात. पूड कितीही घाला, एवढुशा पोटाच्या वर ढेप गेली की ती पिल्लांची राहतच नाही."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी पिल्लाईले नव्हती वाढत. त्या जंतूईची पंगत उठवून राहिली होती."

"हो."

"आणि दिपालीचा घासही त्याईच्याच पायी गेला."

अति तेथे माती ही म्हण लहान पोरालाही पाठ असते. पण आपण कोणाला जास्त प्रेमानं वाढतो तेव्हा ते 'अति' असतं, हे कोणाला पटतं? मनकर्णाबाईंना त्या दुपारी पटलं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, डुकरांच्या शेडबाहेर, पालथ्या बादलीवर बसून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद देवळीतून काढून भिंतीवर चिकटवला. ढेपेचं पोतं उचलून शेजघरात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कामिनीला देऊन टाकली. कामिनी दोन-दोन दिवसांची ढेप मोजून काढून ठेवायची. खाणं संपल्यावर पिल्लं परातीला नाकं घासत ओरडायची, तेव्हा मनकर्णाबाईंचा जीव तीळ तीळ तुटायचा. त्या कानात बोटं घालून घरात जायच्या आणि कपाळाला हात लावून बसायच्या. "लोक मले कसाई म्हनतीन," असं त्यांनी प्रशिकला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, डुक्कर पाळणाऱ्याले तेच म्हणतेत." त्याला वाटलं आपण विनोद केला. आईनं फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी सकाळी त्या शेड धुवायला गेल्या आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून थांबल्या. झाडू हातात तसाच. मग त्यांच्या लक्षात आलं की नाकाला पदर लावायचा राहिला आहे. लावायची गरजच पडली नव्हती. त्यांनी जोरात श्वास घेतला. डुकरांचा वास होता, कोंड्याचा होता, ओल्या सिमेंटचा होता. तो नव्हता. आणि कोपऱ्यात, जिथे महिनाभर पिवळं डबकं असायचं, तिथे चांगल्या घट्ट, काळपट ढेकळांचा ढीग पडला होता. तो बघून बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथूनच प्रशिकला फोन लावला आणि सगळं वर्णन करून सांगितलं.

"आई, मी डबा खाऊन राहिलो गा!" तो ओरडला.

"खा, बाबा, खा," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि आणखी दोन मिनिटं वर्णन केलं.

जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. वास आपल्या नाकाला गेला म्हणून गावाच्या नाकाला गेला असं होत नाही. नाक सरावतं. मुदतीच्या दिवशी सिंधूताई आल्या, दोन पंच आले, कामिनीही स्कूटी बाजूला लावून उभी राहिली. पंचांनी शेडभोवती एक चक्कर मारली. एकजण म्हणाला, कमी झाला आहे. दुसरा म्हणाला, कमी आहे पण आहे. सिंधूताईंनी महादेवरावांना विचारलं, "तुमी अर्ज दिला. तुमी सांगा."

महादेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मायं नाक आता दगड झालं, ताई. मी हो म्हणीन तं मलेच भरोसा नाही, नाही म्हणीन तं शेजार जाते. म्हणून जिच्यासाठी अर्ज दिला तिलेच बोलावलं."

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला होता. अंकित आधी उतरला आणि मग त्याच्या हाताला धरून दिपाली. गालफडं बसलेली, डोळे खोल. दिपाली तोंडावर ओढणी धरून शेडच्या भिंतीपर्यंत आली. तिची सासू वच्छलाबाई रिकामी बादली घेऊन मागे उभी, उलटी झाली तर असावी म्हणून. दिपालीनं ओढणी खाली केली आणि डोळे मिटले.

"येते वास," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी दाराची चौकट धरली. कामिनीनं मान खाली घातली.

"पण ढोराच्या कोठ्यात येते, तसा येते," दिपाली डोळे उघडून म्हणाली. पुन्हा एक श्वास घेतला, या वेळी लांब, आणि तिचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. तिनं सासूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "आई, मळमळून नाही राहिलं वं. भूक लागली मले."

"लिहून टाका, ताई," महादेवराव म्हणाले. "अर्ज वापस."

सिंधूताईंनी कागदावर खाली काहीतरी लिहिलं, पंचांनी सह्या केल्या. कामिनी हसत होती की रडत होती ते सांगता येत नव्हतं. आणि मनकर्णाबाई, ज्या अर्ज आला तेव्हा रडल्या नाहीत, मुदत मिळाली तेव्हा रडल्या नाहीत, त्या उंबऱ्यातच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून मोठ्यानं रडू लागल्या. असं रडणं गावानं दादाजी गेले तेव्हाच ऐकलं होतं.

"आता काहून रडून राहिल्या, बाई? झालं न सगळं," सिंधूताई त्यांच्या खांद्याला धरून म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी पदर बाजूला केला. समोर दिपाली भिंतीला टेकून उभी होती.

"हाव न. काहून रडून राहिली मी?" त्या नाक पुसत उठल्या. "लेकरू उपाशी उभं हाये."

आणि त्या चूल पेटवायला आत गेल्या.